लाकूड रंग पितं

मामाचं चार खणांचं कपाट माझ्याकडे आलं तेव्हा त्याचा रंग कोणता, हे एका शब्दात सांगता आलं नसतं. वरची सागाची फळी काळवंडलेली. बाजूच्या फळ्या पाइनच्या, पिवळ्या पडलेल्या, मधूनच लालसर पट्टे. खणांच्या दर्शनी भागांवर व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, तोही मुठींभोवती हातांच्या मळाने काळा झालेला आणि कडांना फिकुटलेला. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. वरच्या खणात चिमटे आणि भिंगं, दुसऱ्यात काडीएवढे स्क्रूड्रायव्हर, तिसऱ्यात सुटी चाकं आणि स्प्रिंगा, आणि सगळ्यात खाली लोक परत न्यायला कधी आलेच नाहीत ती घड्याळं. तिसरा खण अडकायचा. तो जरासा वर उचलून मग ओढायचा, हे घरातल्या सगळ्यांच्या हातांना ठाऊक होतं.

तो गेल्यावर वर्षभराने मामीने कपाट माझ्याकडे पाठवलं. "एकदा सगळं एकसारखं दिसू दे गं," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, दोन रविवारचं काम आहे. पहिल्या रविवारी घासण्याचं यंत्र आणलं, ८० नंबरच्या भरड पॉलिश पेपरने जुनं पॉलिश उडवलं आणि हाताला गुळगुळीत लागावं म्हणून थेट २२० या बारीक नंबरवर गेले. दुसऱ्या रविवारी अक्रोडी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, ब्रशने भरपूर लावला. जास्त वेळ राहू दिला तर जास्त मुरेल, असं समजून पुसला नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर वरची फळी बरी होती, पण बाजूंच्या पाइनवर नायटे उठल्यासारखे गडद चट्टे पडले होते. फळ्यांची टोकं जवळजवळ काळी झाली होती. आदल्या रविवारी कुठेही न दिसलेले यंत्राचे गोल गोल ओरखडे आता शेकड्यांनी उमटले होते. एका सांध्यापाशी बोटभर जागा कोरडी, पांढुरकी. तिथे कधीतरी सरस सांडला असणार. आणि हे सगळं वरून चिकट, कारण न पुसलेला स्टेन वाळलाच नव्हता.

मी बराच वेळ तिथेच बसून होते. चूक रंगाची आहे असंच मला वाटत होतं. डबा बदलू, वरून आणखी गडद हात मारू, म्हणजे झाकलं जाईल, असे विचार डोक्यात चालले होते.

सुदैवाने त्याआधी एका म्हाताऱ्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावलं. ते आले, कपाटाभोवती एक फेरी मारली, रंगाकडे फारसं पाहिलंही नाही. फळीवरून तळहात फिरवला, मग टोकावरून फिरवला. म्हणाले, "ताई, हा रंग तुम्ही लावलेला नाही. हा लाकडाने प्यायलाय. तहान जिथं जास्त, तिथं जास्त प्यायलाय. आता तहान सारखी करायची, मग रंग आपोआप सारखा येतो."

लाकूड पॉलिश पितं, भिंत रंग पिते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो वाक्प्रचार इतका शब्दशः खरा असेल असं कधी मनात आलं नव्हतं. झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या खोडात उभ्या असतात. फळी लांबीत कापली की त्या नळ्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडतात, त्यामुळे रंग थोडाच आत जातो. पण फळीच्या टोकाला त्या आडव्या कापलेल्या, तोंडं उघडी टाकून बसलेल्या असतात. तिथे रंग ठेवला की तो लगेच आत ओढला जातो. टोकं काळी होतात ती यामुळे. आणि गाठीच्या आजूबाजूला रेषा वळण घेतात, वर येतात, खाली बुडतात. जिथे त्या पृष्ठभागाकडे तोंड करून येतात तिथे फळीच्या मधोमधसुद्धा टोकासारखी तहान असते. पाइनमध्ये त्यातच राळ कमीजास्त पसरलेली असते. माझे नायटे म्हणजे त्या वळणांचा आणि राळेचा नकाशा होता.

पाइनची आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी बोटाने दाखवली आणि मी थक्क झाले. या लाकडात वर्षाच्या सुरुवातीला वाढलेला थर मऊ, फिकट आणि नंतर वाढलेला थर कठीण, गडद असतो. रंग लावला की मऊ फिकट थर भरपूर पितो, कठीण गडद थर फारसा पीत नाही. म्हणजे जे फिकट होतं ते गडद होतं आणि जे गडद होतं ते मागे पडून फिकट दिसतं. जुन्या फोटोची निगेटिव्ह समोर धरावी तसं सगळं उलटं. मी ज्या फळीवर भुलले होते ती फळी आता तिथे नव्हतीच. सागाचं, ओकचं, महोगनीचं तसं होत नाही. त्यांच्यावर रंग शहाण्यासारखा बसतो. मेपल, बर्च, चेरी ही दिसायला सोज्वळ लाकडं मात्र स्टेन लावताना पाइनसारखीच चट्टे धरतात.

मग पुन्हा पहिल्यापासून. या वेळी रविवार मोजले नाहीत.

वरच्या फळीच्या आणि बाजूंच्या आतल्या भागांवर, जिथे यंत्र पोचलं नव्हतं, जुनं पॉलिश अजून शिल्लक होतं. ते कशाचं होतं हे आधी पाहायला हवं होतं, तेव्हा पाहिलं नाही, ते आता पाहिलं. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावायचं. पॉलिश मऊ होऊन बोटाला चिकटलं तर ते लाखेचं. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेनसारखं काहीतरी. माझं बोट चिकटलं. लाखेच्या किड्यांनी फांद्यांवर सोडलेला तो रस, साफ करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात वाळवलेला आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेला. लाखेची थोरवी ही की ती जुनी झाली तरी बहुतेकदा स्पिरिटने पुन्हा मऊ होते. म्हणजे मी जे यंत्राने, धूळ उडवत, लाकडासकट उडवलं होतं, ते फडकं भिजवून ठेवलं असतं तर आपसूक सैल झालं असतं.

याची किंमत एका कोपऱ्याने मोजली. व्हिनियर किती पातळ असतं याची कल्पनाच नव्हती. आजकालचं तर ०.६ मिलिमीटरच्या आसपास असतं, जुनं थोडं जाड. दुसऱ्या खणाच्या उजव्या कोपऱ्यावर यंत्र क्षणभर जास्त रेंगाळलं आणि खालचं पांढरं लाकूड उघडं पडलं. ते परत येत नाही. व्हिनियरवर यंत्र लावूच नये, हे माझं आता ठाम मत आहे. हाताने, ठोकळ्याला पेपर गुंडाळून आणि कडेच्या अलीकडे थांबून.

जुना रंग लावलेलं काही असेल तर त्याहून जास्त जपायला हवं. कपाटाची पाठ कोणे एके काळी हिरव्या तैलरंगाने रंगवलेली होती. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली तीच १९७८ साली. असा रंग कोरडा घासला तर ते शिसं धुळीबरोबर घरभर पसरतं. मी पाठीला हात लावला नाही. ती भिंतीकडेच असते. आणि नुसत्या लाकडाची धूळसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरलेली आहे. मास्क लावूनच घासायचं, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

आता घासणं. या एका कामात मला जितकं शिकायला मिळालं तितकं बाकी सगळ्यात मिळून नाही.

पॉलिश पेपर लाकूड गुळगुळीत करतो असं आपण म्हणतो, पण तो ओरखडेच काढतो. १२० नंबरचं काम एवढंच की ८० नंबरने काढलेले ओरखडे पुसून त्यांच्या जागी स्वतःचे बारीक ओरखडे ठेवायचे. १५० ने १२० चे पुसायचे, १८० ने १५० चे. मधली पायरी गाळली की खोल ओरखडे तळाशी तसेच राहतात आणि वरवर हाताला मखमल लागते. स्टेन मात्र नेमका त्या खोल चरांत जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक नंबरच्या आधी मी फळीवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा ओढत गेले. सगळ्या रेघा गेल्या की त्या नंबरने सगळीकडे सारखं घासलं गेलं, असं समजायचं. कुठे रेघ उरली की तिथे खळगा आहे. आणि घासायचं ते नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, कारण रेषेत पडलेला ओरखडा रेषेतच हरवतो. आडवा पडलेला दहा फुटांवरून दिसतो.

दर्शनी भाग मी १८० वर थांबवले आणि टोकं ३२० पर्यंत नेली. याचं कारण कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. जितकं बारीक घासावं तितका रंग धरायला जागा कमी. टोकांना तहान जास्त, म्हणून त्यांना जास्त बारीक घासून ती तहान कमी करायची. पॉलिश पेपरच्या नंबराने रंगाची छटा ठरवता येते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

रात्री खोलीतला दिवा बंद करून एक बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. आडव्या उजेडात प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. दिवसा जी फळी निर्दोष होती तिच्यावर चंद्रावरचे खड्डे दिसावेत तसे व्रण दिसले. पुन्हा घासलं. मग स्पिरिटने फळी पुसली. ओली असेपर्यंत ती रंगवल्यासारखी दिसते, सरसाचे डाग पांढुरके उठून दिसतात आणि दोन-तीन मिनिटांत सगळं उडून जातं. ज्याला पुढे जाऊन पस्तावायचं नाही त्याने ही तीन मिनिटं कधी वगळू नयेत. सांध्यापाशी सांडलेला सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ होऊन निघाला. जुना, जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला सरस पाण्याला शरण जातो. त्या पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहिले, ते वाळल्यावर १८० नंबरने अलगद खाली घेतले.

वरच्या फळीवर एक काळं वर्तुळ होतं. मामाच्या टेबललॅम्पची लोखंडी बैठक तिथे असायची. पांढरं वर्तुळ असतं तर ओलावा नुसता पॉलिशात अडकलाय असं समजलं असतं. काळं म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांचा संयोग थेट लाकडात झालेला. त्याला ऑक्झॅलिक अॅसिडचं द्रावण लागतं. ते विषारी आहे. हातमोजे घालून लावायचं, डाग फिका झाला की पाण्याने दोनतीनदा धुवायचं, आणि वाळलेले स्फटिक घासून कधी हवेत उडवायचे नाहीत. मी दोनदा लावलं. वर्तुळ तपकिरी झालं, मग नीट पाहिलं तरच दिसेल इतकं फिकं. तिसऱ्यांदा लावावं का, यावर एक अख्खी संध्याकाळ विचार केला आणि लावलं नाही.

पण रंग कोणता? पहिल्या वेळी डब्यावरचं नाव आवडलं म्हणून अक्रोडी आणला होता. या वेळी खणांच्या पितळी मुठी काढल्या आणि उत्तर तिथेच होतं. मुठींच्या चकत्यांखाली, जिथे इतक्या वर्षांत ना उजेड पोचला ना हात ना यंत्राचा पेपर, तिथे रुपयाएवढी आठ वर्तुळं मूळ रंगात जशीच्या तशी होती. उबदार, किंचित तांबूस तपकिरी. उजेडाने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना घट्ट धरणारं द्रव्य, बदलतं, चेरी गडद होते, अक्रोड फिकं पडतं, रंग उडतात. चकतीखाली मात्र हे कपाट अजून सुताराच्या हातातून नुकतंच सुटलेलं होतं.

ती छटा गाठण्यासाठी खणांच्या आतल्या बाजू आणि वरच्या फळीचा खालचा भाग हीच माझी वही झाली. चौकोन आखले, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने काय लावलं ते लिहिलं. स्टेन दोन जातींचे. एकात रंगाची बारीक पूड द्रवात तरंगत असते. ती छिद्रांत आणि ओरखड्यांत जाऊन बसते, म्हणून जिथे बसायला जागा तिथे गडद. दुसऱ्यात रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो आणि तंतूंमध्ये शिरतो. छटा स्वच्छ, पारदर्शक येते, पण उजेडात लवकर उडते. या विरघळणाऱ्या कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ साली झाली. अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन हे हिवतापाचं औषध बनवायला निघाला होता आणि हाती जांभळा रंग लागला. डांबरापासून निघालेल्या त्या शोधाचं नातं माझ्या खणांशी पोचतं, याचं मला चौकोन रंगवताना सारखं अप्रूप वाटत होतं. दिव्याखाली जुळलेली छटा सकाळी उन्हात हिरवट दिसायची, म्हणून प्रत्येक चौकोन दोन्ही उजेडांत पाहिल्याशिवाय पसंत करायचा नाही, असा नियम केला.

आणि पाइनची तहान? तिच्यावर उपाय लाखेचाच निघाला. मेण काढलेली लाख, एक लिटर स्पिरिटला ६० ग्रॅम, इतकी पातळ की हाताला स्पिरिटच वाटावं. तिचा एक हात आधी द्यायचा. जिथे तहान जास्त तिथे लाकूड ही लाखच आधी पितं आणि अर्धं पोट भरून बसतं. वाळल्यावर ३२० ने अगदी हलकं पुसायचं, मग स्टेन. जरा दाट केली तर रंग बसतच नाही, जरा पातळ केली तर चट्टे परत येतात. माझे चौकोन अकरा झाले. बाराव्याला चट्टा दिसला नाही.

प्रत्यक्ष रंग लावायला त्या मानाने फारच थोडा वेळ लागला. एक बाजू पूर्ण, मध्ये न थांबता. खालून वर जात, म्हणजे ओघळ कोरड्या लाकडावर पडून डाग धरत नाहीत. भरपूर लावायचा, ओला असतानाच स्वच्छ फडक्याने रेषेच्या दिशेने सगळा पुसून घ्यायचा. लाकडाला हवा तेवढा ते ठेवून घेतं, उरलेल्यावर आपला हक्क नसतो. तेलाच्या स्टेनची ती फडकी एकेक सुटी करून बाहेर दोरीवर वाळत घातली. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं, उष्णता आत कोंडते आणि फडकी आपणहून पेट घेतात. कोणी काडी लावावी लागत नाही.

डाव्या बाजूला सालीलगतच्या कच्च्या लाकडाचा एक फिकट पट्टा तरीही उरला. त्यावर लाखेत रंगाचे दोन थेंब मिसळून, बारीक ब्रशने, एकावर एक पाच पातळ हात दिले आणि तो बाकीच्यांत मिसळला. घासून गेलेल्या कोपऱ्याला तेच केलं. तो पूर्ण मिसळला नाही.

मग वरून लाखेचं पॉलिश, बोळ्याने, पातळ हात, मध्ये विश्रांती. खणांच्या आत, ते चौकोन सोडले तर, काहीही लावलं नाही. बंद जागेत तेलाच्या पॉलिशचा वास महिनोन्महिने कोंडून राहतो, हे एक कारण. दुसरं असं की तिथे घड्याळाच्या तेलाचा वास होता. खणांच्या खालच्या पट्ट्या मेणबत्तीने घासल्या आणि मुठी त्यांच्या त्यांच्या जुन्या भोकांत परत बसवल्या. बसवण्याआधी एक चकती वर्तुळाच्या जरा बाजूला धरून पाहिली. वर्तुळाची कड शोधावी लागली.

मामी आली त्या दिवशी दुपारचं ऊन खिडकीतून थेट कपाटावर आलं होतं. मी काही बोलले नाही. ती समोर उभी राहिली, तळहाताने वरची फळी पुसली, फिक्या वर्तुळापाशी हात थोडा थांबला. मग तिने तिसऱ्या खणाची मूठ धरली, नेहमीसारखा खण जरासा वर उचलला आणि ओढला. मेण लावलेला खण एकदम अर्ध्यावर बाहेर आला. तिने तो हळूच आत लोटला. पुन्हा मूठ धरली, पुन्हा जरासा वर उचलला आणि ओढला.